एकाच मुलाचे दोन कान : ग्लू इअर, दाहाची रसायनं आणि मधल्या कानाची सफाई

सहा वर्षांचा मुलगा, पहिलीत शिकणारा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आई, वडील आणि आजी असे तिघंही त्याला घेऊन ओपीडीत आले. तक्रार घरची नव्हती, शाळेची होती. बाईंचं म्हणणं, मागून हाक मारली तर ओ देत नाही आणि श्रुतलेखनात 'साखर' सांगितलं की 'आखर' लिहितो. मग घरच्यांनाही एकेक आठवू लागलं. टीव्हीचा आवाज वाढवतो, फोनवर मामाशी बोलताना सारखं 'काय?' विचारतो. आजींचं मत वेगळं होतं : "ऐकू सगळं येतं हो त्याला. खाऊ म्हटलं की कसा येतो?" हे मत मी दर आठवड्याला ऐकते आणि त्यात तथ्यही असतं. अशा मुलांचं ऐकणं कमी-जास्त होत राहतं. समोरून, शांत खोलीत, ओळखीचा शब्द कळतो. वर्गातल्या गोंगाटात कळत नाही.

(पालकांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मागचा इतिहास विचारला तेव्हा जुलै महिना निघाला. भर पावसात ताप, सर्दी आणि एका रात्री उजवा कान असा ठणकला की घर जागं राहिलं. बालरोगतज्ज्ञांनी प्रतिजैविक दिलं, दोन दिवसांत दुखणं थांबलं. दुखणं थांबलं म्हणजे कान बरा झाला, असं घरच्यांनी धरलं आणि तसं कुणीही धरेल. प्रत्यक्षात कानाच्या तीव्र संसर्गानंतर महिनाभराने सुमारे ४०% मुलांच्या पडद्यामागे द्रव असतोच. तीन महिन्यांनी तो सुमारे १०% मुलांत उरतो. हा मुलगा त्या दहांमधला एक होता. रात्री तोंड उघडं ठेवून झोपणं आणि घोरणं वर्षभरापासून होतं.

वडिलांचं औषधांचं दुकान आहे. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुलाला सर्दीचं सिरप, मॉन्टेलुकास्ट-लेवोसेट्रिझिनचं सिरप आणि नाकातले थेंब असं सगळं होऊन गेलं होतं. आजींनी लसूण घालून कढवलेलं तेलही सोडलं होतं. बाहेरच्या कानात त्याचा तेलकट थर अजून दिसत होता. पडद्याला छिद्र नसेल तर ते तेल मधल्या कानात पोचतच नाही, एवढं सांगून मी तो विषय संपवला.

तपासणी

उजवा पडदा निस्तेज, मळकट पिवळा आणि आत ओढलेला. हातोडीच्या हाडाचा दांडा आखडून आडवा दिसत होता. ऑटोस्कोपला जोडलेल्या फुग्याने हवा सोडली तरी पडदा जागचा हलला नाही. डावा पडदा किंचित आत गेलेला, पण पारदर्शक आणि थोडा का होईना हलणारा.

टिम्पॅनोग्राममध्ये, म्हणजे हवेचा दाब बदलत पडदा किती हलतो ते मोजणाऱ्या तपासणीत, उजवीकडे सपाट रेघ आली, म्हणजे 'बी' प्रकार. बाहेरच्या कानाचं आकारमान ०.६ मिलिलिटर भरलं, म्हणजे ती रेघ मळामुळे किंवा फाटलेल्या पडद्यामुळे आलेली नव्हती. डावीकडे 'सी' प्रकार : शिखर होतं, पण ऋण दाबाकडे सरकलेलं. ए-बी-सीची ही विभागणी १९७० मध्ये जेम्स जर्गर यांनी मांडली आणि आजही रोजच्या कामाला तीच पुरते. ऑडिओग्राममध्ये हवेतून ऐकण्याची सरासरी उजवीकडे ३५ डेसिबल, डावीकडे २० डेसिबल. हाडातून दोन्हीकडे ५ ते १०. म्हणजे नस उत्तम होती आणि अडथळा मधल्या कानात होता. नाकामागच्या भागाच्या एक्स-रेमध्ये ॲडिनॉइड, म्हणजे तिथली टॉन्सिलसारखी गाठ, चांगलीच वाढलेली दिसली.

निदान अवघड नव्हतं : उजव्या कानात ओटायटिस मीडिया विथ इफ्यूजन, म्हणजे पडद्यामागे द्रव साचणं, ज्याला सगळे ग्लू इअर म्हणतात, आणि डावा कान त्याच वाटेवर. वडिलांनी लगेच विचारलं, "म्हणजे नळी ब्लॉक आहे ना, डॉक्टर? मग ती मोकळी करणारं काहीतरी द्या."

हे सगळं लिहायला घेतलं ते या प्रश्नामुळे. 'नळी ब्लॉक', म्हणजे कानाला घशाशी जोडणारी नळी बंद, हे स्पष्टीकरण इतकं सोयीचं आहे की आम्ही डॉक्टरही तेच देऊन मोकळे होतो. ते खोटं नाही, पण अपुरं आहे, आणि त्याच अपुरेपणातून घरात सिरपच्या बाटल्या साठत जातात.

तीन महिने थांबलो

लगेच ऑपरेशन सुचवलं नाही. शाळेत जायच्या वयापर्यंत बहुतेक मुलांच्या कानात कधी ना कधी असं पाणी होतं आणि त्यातलं बरंचसं तीन महिन्यांत आपोआप निघून जातं. म्हणून भाषा आणि शिकणं धोक्यात नसेल तर तीन महिने लक्ष ठेवून थांबायचं, हा सर्वमान्य नियम आहे. सगळी सिरपं बंद केली. बाईंना चिठ्ठी दिली : पहिल्या बाकावर बसवा, तोंड दिसेल असं उभं राहून बोला. नाकपुडीने फुगवायचा फुगा आणायला सांगितलं. ब्रिटनमध्ये ४ ते ११ वर्षांच्या ३२० मुलांवर झालेली याची चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी फुगा फुगवणाऱ्या गटातल्या सुमारे ५०% मुलांचा टिम्पॅनोग्राम सुधारला होता, न फुगवणाऱ्यांत ३८% मुलांचा. फरक मोठा नाही, पण या उपायाला खर्च जवळजवळ नाही आणि मुलाला तो खेळच वाटतो. या मुलाला पहिले पंधरा दिवस वाटला. मग दिवाळीची सुट्टी लागली आणि फुगा मामाच्या गावी राहिला.

डिसेंबरात थंडी सुरू होताच पुन्हा जोराची सर्दी झाली. जानेवारीत परत तपासलं तर उजवीकडे सपाट रेघ तशीच, ऐकणं ३५ डेसिबलवरच. आता डावीकडेही सपाट रेघ आणि ३० डेसिबल. डाव्या पडद्यामागे पाण्याची पातळी आणि तिच्यावर दोन बुडबुडे स्पष्ट दिसत होते. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतंय, शाळेत मागे पडतोय, घोरणं वाढलंय. ॲडिनॉइड काढायची आणि त्याच वेळी कानांतला द्रव काढायचा, असं ठरलं.

टेबलावर काय दिसलं

आधी डावा कान घेतला. पडद्याच्या पुढच्या-खालच्या भागात बारीक छेद दिला, सक्शन लावलं आणि गव्हाळ रंगाचं पातळ पाणी एका दमात निघून आलं. आतलं अस्तर गुलाबी, थोडं सुजलेलं.

मग उजवा. छेद तसाच, सक्शनचं टोकही तेच, पण नळीत काहीच येईना. टोक जरा पुढे नेलं, छेद किंचित वाढवला, सलाइनचे दोन थेंब सोडले. तेव्हा करड्या-पिवळ्या रंगाचा एक गोळा छेदाच्या तोंडाशी आला आणि सक्शन मागे ओढलं तसा त्याचा धागा लांबत गेला, पक्क्या पाकाची तार निघावी तसा, तुटेचना. टोक दोनदा तुंबलं, दोनदा धुऊन घ्यावं लागलं.

एक मूल, एक नाक, एक ॲडिनॉइड, श्वासात येणारी हवा एकच. दोन्ही नळ्या नाकामागच्या त्याच जागेत, एकमेकींसमोर उघडतात. तरी एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला डिंक. फरक होता तो वेळेचा. डाव्या कानातला आजार काही आठवड्यांचा होता, उजव्यातला सहा महिन्यांचा. त्या सहा महिन्यांत उजव्या कानाच्या अस्तरात काय घडत गेलं, तो या प्रकरणाचा गाभा आहे. तालुक्याच्या दवाखान्यात त्या द्रवातली रसायनं कुणी मोजत नाही. पुढे लिहिलंय ते प्रकाशित संशोधनाच्या आधाराने.

सफाई रोज कशी चालते

पडद्यामागची पोकळी इवलीशी, जेमतेम एक मिलिलिटरची. ती घशाच्या वरच्या भागाशी युस्टेशियन नळीने जोडलेली असते. मोठ्या माणसात ही नळी साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब आणि चांगली तिरकी असते. लहान मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. ती सतत उघडी नसते. गिळताना, जांभई देताना टाळूचा एक स्नायू तिला क्षणभर उघडतो, हवा आत जाते आणि ती मिटते. मिटताना ती कानाच्या बाजूकडून घशाकडे मिटत येते, त्यामुळे आतला थोडासा द्रव आपसूक बाहेर ढकलला जातो.

हा झाला स्नायूचा भाग. दुसरा भाग अस्तराचा. पोकळीच्या खालच्या आणि पुढच्या भागात, नळीच्या तोंडाकडे जाणाऱ्या पट्ट्यांवर सिलिया असलेल्या पेशी असतात. सिलिया म्हणजे पाच-सात मायक्रॉन लांबीचे हलते तंतू, एकेका पेशीवर दोनशेच्या आसपास. प्रत्येकाच्या आत सूक्ष्म नलिकांच्या नऊ जोड्या कडेने आणि दोन सुट्या नलिका मध्ये, अशी ठरावीक रचना. श्वसनमार्गात त्या सेकंदाला दहा-पंधरा वेळा फटका मारतात आणि सगळ्यांची दिशा एकच असते. मधल्या कानात ती दिशा नळीच्या तोंडाकडे, म्हणजे घशाकडे. सिलियांभोवती पातळ पाण्याचा थर असतो आणि त्यावर श्लेष्म्याचा चिकटसर पापुद्रा. सिलिया हलतात त्या पाण्यात आणि त्यांची टोकं वरच्या पापुद्र्याला पुढे सरकवतात. खालचा थर आटला किंवा वरचा फार घट्ट झाला की सिलिया ठणठणीत असल्या तरी काही सरकत नाही.

सगळ्या पोकळीत मात्र सिलिया नसतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या हॅना थॉम्पसन आणि ॲबिगेल टकर यांनी २०१३ मध्ये उंदरांत दाखवलं की मधल्या कानाचं अस्तर गर्भात दोन वेगळ्या ठिकाणांहून येतं. खालचा भाग आतड्याकडच्या थरातून येतो आणि त्यावर सिलिया असतात. वरचा भाग मज्जाशिखेच्या (गर्भातल्या मज्जारज्जूच्या कडेने असणाऱ्या) पेशींतून येतो आणि त्यावर सिलिया नसतात. वरच्या कोपऱ्यातले जुने आजार इतके चिवट का असतात, याचं निदान एक कारण इथे मिळतं : तिथे झाडलोट करणारी यंत्रणा मुळातच कमी.

ही यंत्रणा किती आवश्यक आहे याचा पुरावा निसर्गानेच दिला आहे. जन्मतःच सिलिया नीट न हलणारा एक आनुवंशिक आजार आहे, प्रायमरी सिलिअरी डिस्कायनेशिया. ब्योर्न आफ्झेलियस यांनी १९७६ मध्ये त्यामागचा सिलियांचा दोष दाखवून दिला. या मुलांच्या नळ्या आणि टाळूचे स्नायू ठीक असतात, तरी जवळपास सगळ्यांच्या कानात तान्हेपणापासून पाणी साचलेलं असतं.

दाह सुरू झाला की

जुनी समजूत एकोणिसाव्या शतकातल्या व्हिएन्नाच्या ॲडम पॉलित्सर यांच्या नावाशी जोडलेली आहे : नळी बंद होते, आतली हवा रक्तात शोषली जाते, दाब उणे होतो आणि त्या ओढीने रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं. आमच्या मुलाच्या डाव्या कानात ऑक्टोबरमध्ये दिसलेला ऋण दाब त्या वर्णनात चपखल बसतो. पण असं झिरपलेलं पाणी पातळच असणार. उजव्या कानातली तार ज्याने बनते ते म्युसिन (श्लेष्म्याला चिकटपणा देणारं प्रथिन), विशेषतः त्यातलं मक-५बी, रक्तातून झिरपत नाही. ते अस्तरातल्या पेशींनीच तयार करावं लागतं. आणि अस्तर ते विनाकारण करत नाही, त्याला सांगावा धाडावा लागतो. तो सांगावा म्हणजे दाहाची रसायनं.

सुरुवात बहुधा विषाणूची. नाकामागचं अस्तर सोलवटतं, न्यूमोकॉकस, हीमोफिलस इन्फ्लुएन्झी, मोरॅक्सेला यांसारखे जिवाणू नळीतून वर चढतात. त्यांच्या भिंतीचे तुकडे मधल्या कानातल्या पेशींना कळतात आणि त्या टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-१ बीटा सोडतात. दाहाचा सांगावा नेणाऱ्या रसायनांत ही दोन पहिल्या फळीतली. त्यांच्यामागून हिस्टामिन, प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्रायीन येतात. रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि अस्तर सुजतं. डावा कान डिसेंबरच्या सर्दीनंतर याच टप्प्यावर होता : पाणी होतं, सूज होती, पण पेशींची जडणघडण अजून बदलली नसावी.

दुसरा टप्पा इंटरल्युकिन-८ चा. ते न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींना बोलावून घेतं. न्यूट्रोफिल जिवाणू मारायला येतात आणि जाताना बराच पसारा ठेवून जातात. इलॅस्टेज नावाचं त्यांचं विकर सिलियांच्या पेशींना इजा करतं आणि त्याच वेळी श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशींना जोरदार चेतवतं. शिवाय मरताना या पेशी आपला डीएनए जाळ्यासारखा बाहेर टाकतात. ग्लू इअरच्या द्रवात हे डीएनए भरपूर सापडतं. म्हणजे त्या डिंकात फक्त शेंबूड नसतो, मेलेल्या पेशींच्या डीएनएचे लांबलचक धागेही त्यात विणलेले असतात.

सिलियांवर थेट परिणाम काय होतो, इथे चित्र जरा गुंतागुंतीचं आहे आणि मला तोच भाग सगळ्यात रंजक वाटतो. गिनी पिगच्या युस्टेशियन नळीवरच्या प्रयोगांत ल्युकोट्रायीन सी-४ आणि डी-४ यांनी, तसंच प्लेटलेट ॲक्टिव्हेटिंग फॅक्टर या रसायनाने सफाई मंदावलेली दिसते. न्यूमोकॉकसचं न्यूमोलायसिन हे विष सिलियांची हालचाल थांबवतं आणि पेशीच फोडतं. दुसरीकडे, ई गटातली प्रोस्टाग्लँडिनं श्वसनमार्गातल्या सिलियांचा वेग वाढवतात. म्हणजे दाहाचं प्रत्येक रसायन सफाईचं वैरी नसतं. सुरुवातीला शरीर ती वाढवूही पाहतं. सर्दी झाली की नाक आधी धो-धो वाहतं, ते याच धडपडीचा भाग. धडपड यशस्वी झाली तर आठ-पंधरा दिवसांत कान कोरडा होतो आणि आम्हाला तो रुग्ण कधी दिसतच नाही.

यशस्वी झाली नाही तर तिसरा टप्पा लागतो, आणि उजवा कान तिथे पोचला होता. रसायनांचा मारा आठवडे-महिने चालू राहिला की अस्तराची रचनाच बदलते. जिथे एक थर चपट्या पेशी होत्या तिथे उंच पेशी येतात, श्लेष्मा बनवणाऱ्या गॉब्लेट पेशींची संख्या वाढते, इतकंच काय, नव्या श्लेष्मग्रंथी तयार होतात. डेन्मार्कचे मिर्को टॉस यांनी कानांच्या अस्तरातल्या या ग्रंथी चिकाटीने मोजल्या होत्या. निरोगी मधल्या कानात त्या जवळजवळ नसतात, ग्लू इअरमध्ये भरपूर असतात आणि आजार ओसरल्यावर हळूहळू झिजतात. एकीकडे श्लेष्मा कितीतरी पटींनी वाढतो, दुसरीकडे तो ढकलणाऱ्या पेशींची जागा श्लेष्मा बनवणाऱ्या पेशी घेत जातात. नळीतही सूज असते. नळीच्या भिंती एकमेकींना चिकटू न देणारं सरफॅक्टंटसारखं द्रव्यही दाहातल्या प्रथिनांमुळे निकामी होतं. एवढं सगळं झाल्यावर नळी बंद राहते हे खरंच, पण तोवर तो परिणाम झालेला असतो आणि कारणही.

यावर, हा सगळा श्लेष्माच घातक आहे असं मात्र कुणी समजू नये. २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मक-५बी अजिबात न बनवू शकणारे उंदीर तयार केले होते. त्यांची सफाई सुधारायच्या ऐवजी बिघडली आणि मधल्या कानात संसर्ग ठाण मांडून बसला. सिलियांना ढकलायला काहीतरी लागतंच. नडतो तो अतिरेक आणि घट्टपणा.

वडिलांचा दुसरा प्रश्न

ऑपरेशननंतर हे सगळं मी वडिलांना थोडक्यात सांगितलं. ते दुकानदार असले तरी बी.फार्म. आहेत, आणि त्यांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं : "मॅडम, मग ल्युकोट्रायीन अडवणारं औषध तर माझ्या दुकानात रोज खपतं. आणि दाहच मूळ असेल तर आठवडाभर स्टिरॉइड का नाही द्यायचं?"

तर्क बिनचूक आहे, पण चाचण्यांत तो टिकत नाही. ऑस्ट्रिच नावाची चाचणी वेल्स आणि इंग्लंडमध्ये झाली आणि २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. तीन महिन्यांहून अधिक काळ ग्लू इअर असलेल्या २ ते ८ वर्षांच्या ३८९ मुलांना सात दिवस तोंडाने प्रेडनिसोलोन किंवा नुसतं दिसायला तसंच औषध दिलं. पाच आठवड्यांनी स्टिरॉइडच्या गटात सुमारे ४०% मुलांचं ऐकणं समाधानकारक होतं, दुसऱ्या गटात ३३% मुलांचं. हा फरक योगायोगाने पडलेला असू शकतो इतका लहान आहे. नाकात मारायच्या स्टिरॉइड स्प्रेची चाचणी २००९ मध्ये 'बीएमजे'त आली होती, तिथेही फायदा दिसला नाही. अँटिहिस्टामिन आणि नाक मोकळं करणाऱ्या औषधांचा तर प्रश्नच मिटलेला आहे : उपयोग नाही आणि मूल वर्गात पेंगतं ते वेगळंच. मॉन्टेलुकास्ट, म्हणजे ते ल्युकोट्रायीन अडवणारं औषध, ग्लू इअरसाठी द्यावं असं म्हणण्याइतका भक्कम पुरावा नाही. शिवाय वागणूक, झोप आणि मनःस्थितीवरच्या दुष्परिणामांसाठी अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये त्यावर सगळ्यात ठळक इशारा छापायला लावला. आपल्याकडे हे औषध सर्दीच्या सिरपसारखं दिलं जातं, याची मला मनापासून चीड येते.

पण का टिकत नाही? माझं उत्तर उजव्या कानातल्या त्या गोळ्यात आहे. सात दिवसांचं स्टिरॉइड फार तर नवा सांगावा थांबवेल. सहा महिन्यांत वाढलेल्या ग्रंथी, सिलियांच्या जागी आलेल्या पेशी आणि आधीच साठलेला डिंक सात दिवसांत जात नाही. दुसरं, ठिणगी टाकणारा घरातच बसलेला असतो. २००६ मध्ये 'जामा'त आलेल्या एका अभ्यासात, ग्रोमेट (पडद्यात बसवायची बारीक नळी) घालण्यासाठी आलेल्या मुलांच्या मधल्या कानाच्या अस्तराचे नमुने घेतले आणि बहुतेक नमुन्यांत जिवाणूंची बायोफिल्म, म्हणजे चिकट पापुद्र्यात दडलेली वसाहत, सापडली. त्या पापुद्र्याखालचे जिवाणू प्रतिजैविकांना दाद देत नाहीत आणि अस्तराला सतत डिवचत राहतात. ॲडिनॉइडच्या पृष्ठभागावरही असाच थर असतो. म्हणून ॲडिनॉइड काढण्यामागचा हेतू नळीचं तोंड मोकळं करणं एवढाच नसतो, डिवचणाऱ्याचा अड्डा हलवणं हाही असतो. ब्रिटनमधल्या टार्गेट चाचणीत ग्रोमेटच्या जोडीला ॲडिनॉइड काढलेल्या मुलांचा ऐकण्यातला फायदा जास्त टिकला. आणि तिसरं, एक ल्युकोट्रायीन अडवून टीएनएफ, इंटरल्युकिन-८, इलॅस्टेज आणि डीएनएची जाळी जागच्या जागी राहतात.

उजव्या कानात ग्रोमेट घातलं. त्याचं काम पाणी काढायचं असतं असं बहुतेकांना वाटतं. द्रव आम्ही सक्शननेच काढतो, ग्रोमेटच्या एक-सव्वा मिलिमीटरच्या भोकातून तो डिंक वाहून येणारही नाही. ग्रोमेट हवा आत सोडतं. १९५४ मध्ये अमेरिकेच्या बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी प्लास्टिकची नळी पडद्यात बसवून ही पद्धत पुन्हा रुळवली, तेव्हापासून उद्देश तोच : ऋण दाब नको, प्राणवायू मिळू दे आणि अस्तराला पूर्वपदावर यायला काही महिने मिळू देत. चाचण्यांत औषधांना जमलं नाही ते हवेला आणि वेळेला बऱ्याच अंशी जमतं.

डाव्या कानात नुसता छेद देऊन पाणी काढलं, ग्रोमेट घातलं नाही. यावर दुमत होऊ शकतं. भूल दिलेलीच आहे तर दोन्हीकडे घालून टाका, म्हणजे पुन्हा टेबलावर यायला नको, असं अनेक सहकारी म्हणतील आणि त्यांचं चूक नाही. माझा हिशेब असा होता की आजार ताजा आहे, द्रव पातळ आहे, म्हणजे सिलियांना ढकलता येईल असा आहे, आणि ॲडिनॉइड निघाल्यावर त्या कानाला स्वतःहून सावरायची संधी द्यावी. ग्रोमेटमुळे पडद्यावर व्रण राहतो, क्वचित छिद्र राहतं, म्हणून गरज नसताना ते नको.

पुढचं वर्ष

दीड महिन्यानंतरच्या ऑडिओग्राममध्ये दोन्ही कान १५ डेसिबलच्या आत आले. डावीकडे टिम्पॅनोग्राम 'ए'. घोरणं थांबलं. बाईंनी वहीवर शेरा लिहून पाठवला की आता वर्गात बोलतो फार.

जूनच्या शेवटी, पावसाळ्यातल्या पहिल्याच सर्दीबरोबर उजवा कान ग्रोमेटमधून वाहू लागला. आजी धास्तावल्या, "कान फुटला" म्हणून रात्रीच फोन आला. ताप नव्हता, दुखणं नव्हतं. सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब आठवडाभर दिले, तोंडाने काही दिलं नाही, आणि कान कोरडा झाला. त्या स्रावातून एवढं कळलं की पाच महिने उलटले तरी उजव्या अस्तरात श्लेष्मा ओतायची क्षमता शिल्लक आहे. डाव्या कानाने मात्र तीच सर्दी पाण्याशिवाय काढली.

नोव्हेंबरमध्ये ग्रोमेट आपोआप सुटून बाहेरच्या कानात आलं, चिमट्याने काढलं. छिद्र बुजलं होतं, पडद्यावर पांढरा छोटा डाग राहिला होता. ऐकणं १५ डेसिबल. टिम्पॅनोग्राम डावीकडे 'ए', उजवीकडे 'सी'. म्हणजे उजवीकडे द्रव नाही, पण दाब अजून उण्याकडे झुकलेला आहे. वडिलांनी विचारलं, काही सुरू करायचं का. नाही म्हटलं. नवा फुगा आणायला सांगितला, आणि पुढची तपासणी मार्चमध्ये, हिवाळ्यातल्या सर्दी-खोकल्याचे दिवस सरल्यावर ठेवली आहे.